तोडीची पावती, नांगीचं झाड आणि कपाटातला स्कॅनर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगणार आहे.

गेल्या महिन्यात धरणाच्या पुनर्वसन वसाहतीतले एक काका ऑफिसला आले. वय सत्तरीच्या पुढे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. नातवाच्या नोकरीसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचाय. जुन्या गावाची जमीन कुठल्या अधिसूचनेने गेली, तिचा नंबर आणि तारीख हवी. तीन ऑफिसांचे उंबरठे झिजवून झाले होते.

म्हणाले, "साहेब, १९७६ साली आपल्या गावच्या साप्ताहिकात आमची नोटीस छापून आली होती. मी सोता पारावर वाचून दाखवलीय. तवा आमच्यात वाचता येणारे चारच जण. ते पान मिळंल का?"

ते साप्ताहिक बंद पडून आता बरीच वर्षं झाली. माझ्या पत्रकारितेच्या आधीची गोष्ट. पण त्याचे बांधीव खंड सार्वजनिक वाचनालयात आहेत, हे मला माहीत होतं. काकांना गाडीवर बसवून घेऊन गेलो. ग्रंथपाल मॅडमनी १९७६ चा खंड काढून दिला. बायंडिंगला वाळवी, आत कसर. पानं पिवळी पडून पापडासारखी झालेली. जपून उलटत होतो तरी कडा तुटून टेबलावर पडत होत्या.

नोटीस सापडली. वरचा अर्धा भाग होता. खालचा, म्हणजे गावांची नावं आणि नंबर असलेला भाग नव्हता. कुठे चुरा होऊन पडला असेल तो असेल.

काका काही बोलले नाहीत. टेबलावरचे तुकडे त्यांनी रुमालात गोळा केले आणि मला विचारलं, "हे चिकटवता येईल का हो?"

त्याच खोलीत, आमच्यापासून चार हातांवर एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटात एक स्कॅनर आहे. २०१९ मध्ये लोकवर्गणीतून घेतलेला. "आपला ठेवा, डिजिटल ठेवा" अशी मोहीम होती. वर्गणी मागत फिरलेल्या तिघांमध्ये मी एक होतो. बातमीही मीच लिहिली होती, तीन कॉलम, नारळ फोडतानाच्या फोटोसकट. ४३ जणांनी पैसे दिले होते. स्कॅन झाली ११ पानं. मग ज्या पोराला ते जमत होतं तो नोकरीला पुण्याला गेला, मग लॉकडाऊन आलं, मग किल्ली कुणाकडे आहे यावर दोन मीटिंगा झाल्या. आणि मग काहीच नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. त्यावर सुविचार येतात.

काकांना घरी सोडून आलो, त्या रात्री झोप लागली नाही. हे असं का होतं? चाळीसेक माणसं मनापासून पैसे देतात, यंत्र येतं, आणि वर्षभरात धूळ खात पडतं. फक्त आपल्याकडेच होतं का? मग जुनी कात्रणं काढली, थोडं वाचलं. दोन गोष्टी हाताला लागल्या. एक आपल्या शेजारची, वारणेची. दुसरी नेपाळमधली. दोन्ही सांगतो.

आधी वारणा.

वारणानगर आपल्याला माहीत आहे. तात्यासाहेब कोरे, साखर कारखाना, दूध, वारणा बझार, बालवाद्यवृंद. १९५० च्या दशकात कारखान्याची जुळवाजुळव झाली आणि त्याभोवती सगळा परिसर उभा राहिला. १९९८ साली याच भागात देशातला एक मोठा प्रयोग सुरू झाला. केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं. माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलेलं. "वायर्ड व्हिलेज" हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात नवा नवा वाचायला मिळाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणाकाठची ७० गावं संगणकाने जोडायची. खर्च अडीच कोटींच्या आसपास. निम्मा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणेच्या संस्थांचा.

तो काळ आठवा. आपल्या तालुक्यात तेव्हा एसटीडी बूथवर रात्री नऊनंतर रांगा लागायच्या, कारण दर कमी व्हायचा. संगणक पाहिलेला माणूस विरळा. आणि तिकडे गावागावात संगणक केंद्रं, पन्नासच्या वर! स्वप्नंही तेवढीच मोठी होती. शेतकऱ्याला बाजारभाव गावात कळणार, पिकावरच्या रोगाचा सल्ला मिळणार, सातबारा निघणार, पोरांना नोकऱ्यांची माहिती, दवाखान्याचा सल्ला, शिक्षण. सगळं एका खोलीत.

प्रत्यक्षात काय चाललं? चालली ती उसाची कामं.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. उसाची नोंद लागली का, तोड कधी येणार, चिटबॉय पुढच्या वाड्यावर का गेला, गाडी काट्यावर गेली तर वजन किती भरलं, बिल कधी जमा होणार. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष या चार-पाच प्रश्नांवर टांगलेलं असतं. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, गहू धरायचा हंगाम जातो. या प्रश्नांची उत्तरं घ्यायला पूर्वी कारखान्यावर किंवा गट ऑफिसला हेलपाटे घालावे लागायचे. ते उत्तर गावातल्या केंद्रात मिळायला लागलं. वजनाची पावती तिथेच छापून हातात. त्यामुळे केंद्रावर लोक यायचे.

बाकीची स्वप्नं मात्र बरीचशी कागदावर राहिली. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातली माणसं वारणेला आली. राजेश वीरराघवन आणि त्यांचे सहकारी. त्यांनी केंद्रांत बसून पाहिलं, की या संगणकांवर नेमकं होतं काय. तर मुख्यतः उसाचे आकडे इकडून तिकडे जात होते. त्यासाठी अख्खा संगणक, त्याची दुरुस्ती, विजेचा लपंडाव, सगळा खर्च. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवून पाहिला. आकडे एसएमएसने. जे उत्तर शेतकऱ्याला हवं होतं ते एसएमएसमध्येही मावत होतं, आणि लोकांना ते आवडलंही. २००७ साली त्यांनी हा अनुभव निबंधात मांडला.

आता यातून कुणी म्हणेल, वारणेचा प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही. उलट, त्यातला जो भाग चालला तो का चालला, हे बघण्यासारखं आहे. कारखान्याचं सभासदत्व, ऊस नोंद, काटा, बिल या धाग्याने ती माणसं संगणक येण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून एकमेकांना बांधलेली होती. त्या धाग्यावर संगणक बसला तिथे टिकला. जिथे धागाच नव्हता, फक्त वरून आलेली यादी होती, तिथे संगणक उघडून विचारणार काय आणि कुणाला? नोकरीची माहिती हवी असणाऱ्या पोराचा त्या केंद्राशी काही संबंधच जुळला नव्हता.

या संशोधकांमध्ये केंटारो टोयामा नावाचे गृहस्थ होते. वारणेसारखे अनेक प्रयोग त्यांनी भारतात जवळून पाहिले आणि नंतर त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसांत जी इच्छा आणि कुवत आधीच असते तिला तंत्रज्ञान मोठं करतं, नसलेली निर्माण करत नाही. कर्ण्यासारखं समजा. गाणारा असेल तर गाणं लांब जाईल. कुणी गातच नसेल, तर कर्णा कितीही भारी आणा, नुसती खरखर ऐकू येणार.

हे पटलं. पण एक शंका उरली. वारणेकडे कारखाना होता, पैसा होता, दिल्लीत वजन होतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी काय करायचं? आपल्या वाचनालयाकडे तर वर्षाचं अनुदान वेळेवर यायची मारामार.

इथे दुसरी गोष्ट येते. तिच्याकडे मी पोचलो ते एका जुन्या कात्रणावरून.

२००७ साली पी. साईनाथ यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचं त्यांचं लेखन आम्हा तालुका पातळीवरच्या पत्रकारांना धीर देणारं होतं. खेड्यातली बातमीही बातमी असते, हे कुणीतरी मोठ्या आवाजात सांगत होतं. तेव्हा मी डिप्लोमा करून नुकताच धंद्यात पडलो होतो. ती बातमी कापून वहीत चिकटवली. त्याच बातमीत त्या वर्षीच्या इतर मानकऱ्यांची नावं होती. त्यात नेपाळचे एक शिक्षक, महावीर पुन. (पुढच्याच वर्षी प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंना मॅगसेसे मिळाला, म्हणून ती वर्षं लक्षात राहिली.) तेव्हा हे नाव वाचून सोडून दिलं होतं. आता, इतक्या वर्षांनी, शोधून वाचलं.

नेपाळच्या पश्चिमेला म्याग्दी जिल्हा आहे. तिथे डोंगरात नांगी नावाचं गाव, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही वर हे गाव वसलेलं. वस्ती मगर समाजाची, अनेक घरांतले पुरुष गुरखा पलटणीत गेलेले. मोटारीचा रस्ता गाठायला कित्येक तासांची पायपीट. फोन नाही. महावीर पुन १९५५ साली इथेच जन्मले. लहानपणी गुरं-मेंढरं राखली, वह्या-पुस्तकं नसलेल्या शाळेत शिकले. वडील पलटणीतून निवृत्त झालेले. पोराने शिकावं म्हणून त्यांनी बिऱ्हाड खाली तराईत हलवलं. महावीर शिकले, बारा वर्षं मास्तरकी केली, मग अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात जाऊन पदवी घेतली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गावी परत आले.

परत येऊन त्यांनी आधी माध्यमिक शाळा उभी केली. हा क्रम ध्यानात ठेवा. शाळा चालवायला पैसा हवा, तर गावाने कागद बनवायला घेतला, जॅम बनवला, मासे पाळले, डोंगर चढून येणाऱ्यांसाठी तंबू लावायची जागा केली. उत्पन्न शाळेला. इंटरनेट अजून कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका शाळेकडून वापरलेले चार संगणक भेट आले. वीज नव्हती, तर ओढ्यावर छोटी जनित्रं बसवली. नंतर महावीर जुने सुटे भाग गोळा करून लाकडी खोक्यांत संगणक जोडायला लागले. लोखंडी पेटी डोंगरावर वाहून आणण्यापेक्षा सुतार गावात होता. पोरं शिकली, मास्तर शिकले. पण बाहेरच्या जगाशी जोडणार कसं? पोखरा शहर मध्ये डोंगर टाकून पलीकडे.

२००१ साली महावीरांनी बीबीसीला ई-मेल लिहून आपली अडचण कळवली आणि काही युक्ती सुचते का, असं विचारलं. बीबीसीने ती गोष्ट लोकांपुढे ठेवली. वर्षभरात युरोप-अमेरिकेतले काही स्वयंसेवक स्वतःच्या खर्चाने डोंगर चढून आले. नांगी आणि शेजारचं रामचे गाव यांच्यात पहिला बिनतारी दुवा जोडला गेला. टॉवरला पैसे कुठले? टीव्हीच्या छत्र्या झाडांवर बांधल्या. मग थोडी मदत मिळत गेली, डोंगरमाथ्यांवर गावठी रिले केंद्रं झाली, आणि २००३ पर्यंत नांगी पोखरामार्गे जगाशी जोडलं गेलं.

हे सगळं कधी, तर माओवादी आणि सरकार यांच्यात युद्ध पेटलेलं असताना. बिनतारी उपकरणं बाहेरून आणायला बंदी, त्यामुळे ती लपवूनछपवून आणली गेली. झाडावर छत्री बांधणारा माणूस कुणाला काय वाटेल याचा नेम नाही. सैन्याला वाटायचं माओवाद्यांचा, माओवाद्यांना वाटायचं सैन्याचा. फेब्रुवारी २००५ मध्ये राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा देशभरातले फोन आणि इंटरनेट तोडले होते. २००६ मध्ये युद्ध संपलं, त्याच वर्षी या बिनतारी लहरींवरचे परवाने सैल झाले. पुरस्कार मिळाला तोवर डझनभर गावं या जाळ्यात आली होती.

आणि त्या जाळ्यावर ती माणसं करत काय होती? ज्या गावाच्या शाळेत इंग्रजीचा चांगला मास्तर नाही, तिथल्या पोरांना दुसऱ्या गावचा मास्तर पडद्यावरून शिकवायचा. गावच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका शहरातल्या डॉक्टरला पेशंटबद्दल विचारायची. वर कुरणात याक घेऊन गेलेल्यांशी बोलणं व्हायचं. म्हैस विकायचीय, मध विकायचाय, याच्या जाहिराती गावांच्या आपापसात. पलटणीत किंवा आखातात गेलेल्या पोराशी आईचं बोलणं.

बघा, या यादीत एकही गोष्ट "डिजिटल" नाही. मास्तर, डॉक्टर, याक, म्हैस, पोरगा. ही सगळी कामं इंटरनेटच्या आधीपासून होती, फक्त त्यासाठी दोन-दोन दिवस चालावं लागायचं. वारणेतली तोडीची पावती आणि नांगीतला याक, मला हे दोन्ही एकाच जातीचे वाटतात. चालून चालून पाय दुखत होते, तिथेच जोडणी झाली.

महावीर पुन यांचं नाव पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं, २०२५ मध्ये ते नेपाळच्या अंतरिम सरकारात शिक्षणमंत्रीही झाले. त्यामुळे एका थोर माणसाची कथा म्हणून ही गोष्ट सांगणं सोपं आहे. आम्हा पत्रकारांना ती सवय असते, एक चेहरा पकडायचा आणि बातमी करायची. पण विचार करा, डोंगरमाथ्यावरचं रिले केंद्र वादळात बंद पडलं की कुणीतरी वर चढून जात होतं. बॅटऱ्या पाठीवर वाहून नेत होतं. झाडावर चढणारा, जनित्रातला पालापाचोळा काढणारा, जॅम विकून आलेले पैसे वहीत लिहिणारा. त्यांची नावं आपल्याला मिळत नाहीत. जाळं टिकलं ते या रोजच्या कामावर.

आता परत आपल्या कपाटाकडे येतो.

२०१९ मध्ये आपण काय केलं? यंत्र आधी घेतलं. "ठेवा जतन करू" म्हणालो. ठेवा कुणाचा, कुणाला कशासाठी लागणार, कुठला खंड आधी, हे कुणालाच विचारलं नाही. वसाहतीतल्या काकांना तर नाहीच. वर्गणी मागायला आपण बाजारपेठेत फिरलो, वसाहतीत गेलोच नाही. तिथे काय मिळणार, असं वाटलं होतं. माझ्याच तोंडचं वाक्य आहे ते, दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवत नाही. आणि ज्यांना त्या पानांची खरी गरज होती ते नेमके त्या वसाहतीत राहतात.

दुसरी चूक. एकाच पोराला सगळं येत होतं. तो गेला आणि काम संपलं. त्याचा दोष नाही, त्याला पोट आहे. दोष आमचा, की आम्ही त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसवला नाही.

तिसरी चूक माझ्या व्यवसायाची. उद्‌घाटनाची बातमी तीन कॉलम लिहिली. सहा महिन्यांनी काय झालं याची एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहिली असती तर वर्गणी दिलेल्या ४३ जणांपैकी कुणीतरी वाचनालयात येऊन जाब विचारला असता. ती बातमी आज लिहितोय, असं समजा.

गेल्या पंधरा दिवसांत काय केलं ते सांगतो.

वसाहतीत जाऊन बसलो. देवळासमोर वीस-बावीस माणसं जमली. "डिजिटल" हा शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, की जुन्या पेपरातलं काय काय शोधताय? धडाधड उत्तरं आली. जमीन संपादनाच्या नोटिसा. पुनर्वसनाच्या मोर्चाच्या बातम्या. बुडालेल्या गावच्या शेवटच्या जत्रेचा फोटो. एका मावशींना त्यांच्या वडिलांच्या निधनाची बातमी हवी होती, वडिलांचा दुसरा फोटोच घरात नाही. एक आजी म्हणाली, "माझ्या गावाचं नाव छापलेलं मला एकदा बघायचंय. आता एसटीच्या पाटीवर बी ते नाव न्हाई."

मी वहीत यादी केली. तिच्यावरून ठरलं, की सगळे खंड नकोत. आधी फक्त १९७२ ते १९८०. नऊ खंड. साप्ताहिक आठ पानांचं, म्हणजे साधारण पावणेचार हजार पानं. रविवारी दोनशे पानं झाली तरी चार-पाच महिन्यांत संपतं. होण्यासारखं काम आहे.

स्कॅनर पुन्हा चालू झालाय, केबल बदलावी लागली. पण कडक पानं त्यावर उलटी दाबली की मोडतात, हे परवा कळलं. म्हणून नाजूक पानांचा मोबाईलनेच वरून फोटो घ्यायचा. लाकडी स्टँड आपल्या गल्लीतल्या सुताराने फुकट करून दिला. खिडकीजवळ उजेड चांगला येतो. एक जण पान उलटणार, एक जण फोटो काढणार, एक जण वहीत नोंद करणार. दर रविवारी जागा बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाला तिन्ही कामं येतील आणि कुणी पुण्याला गेलं तरी अडणार नाही.

प्रत्येक फोटोला नाव एकाच पद्धतीने. वर्ष, महिना, तारीख, पान. दोन प्रती, एक वाचनालयात आणि एक वाचनालयाबाहेर. मी स्वतः धडा शिकलोय. माझ्या पहिल्या दहा-बारा वर्षांच्या बातम्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींत आहेत. आज उघडल्या तर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. डिजिटल झालं म्हणजे टिकलं, असं नसतं. कागदाला वाळवी लागते, फायलीला लागते ती दिसत नाही एवढंच.

संपादकांच्या घरच्यांनी परवानगी दिलीय, लेखी. वाचनालयाच्या संचालक मंडळाने रविवारची किल्ली दिलीय. एकाच्या नावावर नाही, तिघांच्या.

पहिल्या रविवारी आलो पाच जण. ग्रंथपाल मॅडम, मी, कॉलेजची दोन पोरं आणि वसाहतीतले ते काका. काकांना मोबाईलचा कॅमेरा जमत नाही. पण ती वर्षं त्यांनी पाहिलेली आहेत. फोटोत कोण उभा आहे, बातमीत लिहिलेलं "वरचं गाव" म्हणजे नेमकं कुठलं, मोर्चा कुठून निघाला होता, हे ते सांगतात आणि पोरं लिहून घेतात. एका फोटोत विशीतले ते स्वतः सापडले. झेंडा धरलेले. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "केस हुते तवा." त्या दिवशी १४० पानं झाली.

त्यांची नोटीस अजून पूर्ण सापडलेली नाही. पण हीच नोटीस पुढच्या अंकात पुन्हा छापली जाण्याची पद्धत तेव्हा होती, असं ते सांगतात. पुढच्या अंकाचं पान शाबूत असेल, तर येत्या एक-दोन रविवारी कळेल. नाही सापडली तर नाही. त्यांच्याकडचे रुमालातले तुकडेही आम्ही काचेखाली पसरून फोटो काढून ठेवलेत. त्यावर गावाच्या नावातली दोन अक्षरं वाचता येतात.

आता काम.

पैसे नकोत. वर्गणी मागणार नाही, मागच्या वर्गणीचा हिशेब आधी देऊ. पावत्यांची फाईल वाचनालयात टेबलावर ठेवलीय, कुणीही बघा. माणसं हवीत. रविवारी सकाळी दहा ते एक. येताना मऊ ब्रश असेल तर आणा, रंगकामाचा नवा चालेल. हात धुऊन, कोरडे करून या. मोबाईलचा कॅमेरा बरा असेल तर उत्तम, नसला तरी वही-पेन चालतं. वाचता येत नसेल पण जुनं आठवत असेल, तर त्यांना आधी आणा. घरातल्या आजी-आजोबांना गाडीवर बसवून आणलंत तर त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहा आहे.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी इथेच लिहीन. किती पानं झाली, कोण आलं, कुठे अडलं. नाही लिहिलं, तर कमेंटमध्ये जाब विचारा.

लाईक केलंत तरी बरं वाटेल. रविवारी आलात तर एक पान जास्त होईल.